तीन पायांखालची जमीन

जांभ्यावर कॅमेरा आपटल्याचा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला आहे. काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज नव्हता तो. नारळ पडावा तसा बद्द झाला, आणि मग सड्यावर नुसता वारा. राजापूर तालुक्यातला सडा, सप्टेंबर संपत आलेला, गवत अजून हिरवं. स्टँडचा एक पाय कातळातल्या भोकात साचलेल्या बारीक खडीवर टेकला होता. मी लेन्सची रिंग फिरवली, तेवढ्या हिसक्याने खडी सरकली, पाय दोन बोटं खाली गेला आणि सगळा डोलारा कलला. मी झडप घालून स्टँड धरला. पण कॅमेऱ्याखालची प्लेट ज्या खाचेत बसते तिची कड प्लास्टिकची होती, ती त्या झटक्याने मोडली. स्टँड माझ्या हातात राहिला आणि कॅमेरा खाली गेला.

त्या स्टँडच्या खोक्यावर ‘8 किलो वजन पेलतो’ असं छापलं होतं. माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून दोन किलोंच्या आत. तो आकडा मी विश्वासाने वाचला होता आणि त्याच्याच जोरावर स्टँड घेतला होता. आता मला कळतं की भार पेलणं वेगळं आणि कॅमेरा स्थिर धरणं वेगळं. शिवाय हा आकडा कसा काढायचा याचं सगळ्यांना लागू असं एक माप नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने तो ठरवते. म्हणून खोक्यावरच्या आकड्याचा मी फार तर तिसरा हिस्सा धरतो, आणि त्यावरही विसंबत नाही. स्टँड मोडतो तो पायांत क्वचित, सांध्यात बहुतेक वेळा.

खरी चूक मात्र माझी होती. मी स्टँड निरखून घेतला होता, तो ज्या जमिनीवर उभा राहणार ती जमीन निरखली नव्हती. आणि हे मला दोन माणसांनी फार आधी शिकवून ठेवलं होतं.

पहिला माझा मामा. आजोळ जतकडचं. सुगीत खळ्यावर मामी उंच तिवईवर उभी राहून पाटीतून ज्वारी सोडायची, दाणे सरळ खाली आणि भूस वाऱ्याबरोबर पलीकडे. तिवईला पाय तीनच. घरातल्या खाटेला चार पाय आणि हिला तीन का, असं मी विचारलं होतं. मामा म्हणाला, “खळ्याबाहेर ढेकळं असत्यात. चौथा पाय दिला की डुगडुगलीच म्हणून समज.” तीन टेकू कसल्याही उंचसखल जागी टेकतात, चौथा हवेत राहतो किंवा दुसऱ्याला हवेत ठेवतो. कॅमेऱ्याच्या स्टँडलाही तीन पाय आहेत ते याच कारणाने. पण मामाने आणखी एक दाखवलं होतं, जे मी विसरलो. मामी वर चढण्याआधी तो प्रत्येक पाय हाताने दाबून बघायचा, आणि मामीला सांगायचा, “मधी उभी ऱ्हा, कडंला वाकू नगंस.” तीन पाय डुगडुगत नाहीत हे खरं, पण वजन त्या तीन टेकूंच्या त्रिकोणाबाहेर गेलं की ते सरळ आडवे होतात, चार पायांपेक्षा लवकर.

दुसरे भाऊ. रत्नागिरीतल्या ज्या स्टुडिओत मी 1996 साली मदतनीस म्हणून लागलो, त्याच्या मालकांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. स्टुडिओत पितळी स्क्रूंचा सागवानी स्टँड होता, एकट्याला हलवणं कठीण. लग्नाला जाताना आम्ही लोखंडी न्यायचो. त्या काळी मांडवातलं स्टेज म्हणजे ड्रमांवर टाकलेल्या फळ्या आणि वर जाजम. भाऊ स्टेजवर चढले की आधी पूजेच्या तांब्याकडे बघत, आणि जाजमावर टाच आपटत. तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली की मला खूण करत. “पाणी हललं बघ. इथे नको. खाली जमिनीवर लाव, लांबून घेऊ.” मी नवा होतो, मला वाटायचं एवढा जड स्टँड आहे, त्याला काय होणार आहे! पण स्टँड जमिनीचं हलणं थांबवू शकत नाही. फळी हलली की तो इमानदारीने तेच हलणं वर कॅमेऱ्यापर्यंत पोचवतो. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी सगळं वऱ्हाड स्टेजकडे धावतं, आणि नेमक्या त्याच फोटोत सगळे चेहरे दोन-दोन दिसतात. भाऊंच्या एकाही अल्बममध्ये असा फोटो मी पाहिला नाही.

आजही जेटीवर, पुलावर, लाकडी माडीवर काम असलं की मी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन शेजारी ठेवतो. पाणी शांत होईपर्यंत बटण दाबत नाही.

आता कोणी तरुण मुलगा विचारतो, “दादा, कोणता स्टँड घेऊ?” तेव्हा मी आधी विचारतो, कुठे लावणार? लग्नाच्या हॉलमधल्या फरशीवर, शेतात, किल्ल्यावर, वाळूत? काळ्या चिकण मातीत अणकुचीदार पाय उत्तम रुततात, तेच फरशीवर घसरतात आणि जुन्या देवळाच्या दगडावर ओरखडे काढतात. म्हणून ज्याला रबरी बूट आणि आतून खिळा, दोन्ही आहेत असे पाय घ्यावेत. आणि खिळा कधी बाहेर काढायचा नाही हे स्वतःला बजावून ठेवावं.

दुकानात जाताना मी माझा कॅमेरा आणि जवळची सगळ्यांत लांब लेन्स घेऊन जातो. दुकानदार समजूतदार असेल तर पाय पूर्ण उघडून, कॅमेरा चढवून, समोरच्या पाटीवरचं एखादं अक्षर स्क्रीनवर दहापट मोठं करतो. मग लेन्सच्या टोकाला हलकी टिचकी. अक्षर थरथरतं. ते कितीत थांबतं हे मनात मोजायचं. काही स्टँडवर एक म्हणेपर्यंत थांबतं, काहींवर चार आकडे झाले तरी कडा फेसाळलेल्याच. हीच टिचकी मधला दांडा पूर्ण वर काढून पुन्हा मारायची. थरथर किती जास्त रेंगाळते ते बघितलं की तो दांडा अडीअडचणीसाठी आहे, रोजच्यासाठी नाही, हे कोणी सांगावं लागत नाही. मग वरची बैठक दोन्ही हातांनी धरून, स्क्रू घट्ट करतो तशी पिळून बघतो. खांद्याचे सांधे सैल असतील तर पाय जागच्या जागी राहून माथा फिरतो. शेवटी पायाचा सगळ्यांत खालचा तुकडा. पाय जितक्या तुकड्यांचा तितका तो मिटल्यावर आखूड, पिशवीत मावायला सोयीचा, पण शेवटचा तुकडा तितकाच बारीक. माझ्या अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर मी तो स्टँड परत ठेवतो.

उंचीचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. मी साडेपाच फुटांचा, म्हणजे 168 सेंटीमीटर. डोळा जमिनीपासून 157 वर. त्यातून हेडची, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो आणि वळतो त्या वरच्या भागाची, उंची दहा आणि कॅमेऱ्याच्या बुडापासून डोळा लावायच्या जागेपर्यंतची आठ वजा केली, तर मधला दांडा न उचलता पाय 139-140 पर्यंत पुरले पाहिजेत. हे सपाटीवर. आमच्या सह्याद्रीत सपाटी शोधावी लागते. उतारावर एक पाय चढाच्या अंगाला आणि दोन पाय उताराच्या अंगाला लावायचे, आणि ते दोन पाय वीस-पंचवीस सेंटीमीटर जास्त काढावे लागतात. तेवढी लांबी शिल्लक नसली की माणूस दिवसभर कंबरेत वाकून काम करतो, आणि संध्याकाळी किल्ला उतरताना गुडघ्याबरोबर पाठही बोलते. माझी पाठ तीन वर्षं बोलली, मग मी उंच स्टँड घेतला.

हेडचं वेगळं. लग्नं, पक्षी, गर्दी, जिथे झटपट फिरवायचं तिथे बॉल हेड. पण देवळं आणि शिल्पं हेच काम असेल तर ते चिडचिड वाढवतं. एक चाप सोडला की सगळ्याच दिशा सुटतात. खांब डावीउजवीकडे ओळंब्यात आणावा तोवर पुढेमागे झुकलेला. माझ्याकडे आता तीन दांड्यांचं हेड आहे, एका वेळी एकच दिशा सुटते. जड आहे, पिशवीत अडतं, पण हेमाडपंती देवळाचा खांब त्याच्यावर एका मिनिटात सरळ होतो. बॉल हेड घ्यायचंच असेल तर दुकानात जड लेन्स लावून, चौकटीच्या मधोमध एक ठिपका धरून, घट्ट आवळून हात सोडावा. ठिपका किंचित वर सरकला तर समजावं की आवळल्यावरही मान खाली जाते. फुलांच्या जवळच्या फोटोत ते एवढंसं खाली जाणंही फूल चौकटीबाहेर नेतं.

पाय ॲल्युमिनियमचे की कार्बन फायबरचे, हा प्रश्न पैशांचा आहे तसा खांद्याचाही. माझा ॲल्युमिनियमचा हेडसकट 2.6 किलो भरतो, कार्बनचा 1.9. पायथ्याशी सातशे ग्रॅम काहीच वाटत नाहीत, तिसऱ्या टेकडीवर वाटतात. कार्बनमध्ये थरथर लवकर जिरते आणि पहाटेच्या थंडीत हाताला चटका बसत नाही. पण ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो चालत राहतो, कार्बनला जोराचा मार बसला तर तडा जातो. गाडीच्या टपावर बांधून नेणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. पैसे बेताचे असतील तर मी स्पष्ट सांगतो की कार्बनच्या नादी लागू नकोस, ॲल्युमिनियमचे जाड पाय घे आणि उरलेले पैसे हेडमध्ये घाल. प्लेट धातूची, तिची खाच धातूची. ही अट सोडायची नाही.

समुद्राचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात स्टँड मरतात ते मारामुळे नाही, खारामुळे. भिजलेल्या वाळूत पाय ठेवले की पहिल्या लाटेला ते आपोआप खाली बसतात. म्हणून मी आधी प्रत्येक पाय जोर लावून रुतवतो, दोन लाटा जाऊ देतो, मग चौकट जमवतो. तरी पाणी परतताना पायाभोवतीची वाळू ओढून नेतं आणि हळूच एक कोपरा कलतो. पाच सेकंदांच्या फोटोत तेवढंही दिसतं. कोरड्या भुसभुशीत वाळूवर उपाय साधा आहे. तीन करवंट्या उताण्या ठेवायच्या आणि त्यांत पाय. भार पसरतो, पाय खोल जात नाही.

घरी आल्यावर जेवायच्या आधी स्टँड. कितीही दमलो तरी हा क्रम मी मोडत नाही. न्हाणीघरात पाय पूर्ण लांब करून गोड्या पाण्याची बादली, आधी मिटलेल्या लॉकवरून पाणी सोडायचं, म्हणजे बाहेरची वाळू आत जात नाही. मग खालचा लॉक पिळून पूर्ण सुटा करायचा आणि नळी सावकाश ओढून काढायची. नळीच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या असतात, सालीसारख्या. त्या निसटून मोरीत जातात आणि मग नळी लॉकमध्ये कधीच नीट धरत नाही. म्हणून पहिल्यांदा त्या वाटीत काढून ठेवायच्या, डावी कोणती नि उजवी कोणती हे लक्षात ठेवून. लॉकच्या आट्यांमध्ये करड्या ग्रीसमध्ये रुतलेले वाळूचे कण दिसतात, बोटाने चाचपले की करकरतात. हीच करकर आटे खाते. जुन्या टूथब्रशने ग्रीस वाळूसकट खरवडून काढायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, सुती फडक्याने पुसून पंख्याखाली रात्रभर सुटं ठेवायचं. सकाळी आट्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढंच नवं ग्रीस, पट्ट्या जागेवर, नळी आत. लॉक फिरवताना आवाज न होता लोण्यासारखा घट्ट होत गेला की झालं. या निगेवर माझा ॲल्युमिनियमचा स्टँड चौदा वर्षं समुद्रावर जातो आहे.

काही जागी स्टँड न लावणं हाच शहाणपणा असतो. कास पठार पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, आणि भाद्रपदात तिथे कॅमेऱ्यांची रीघ लागते. सीतेची आसवं वीतभरही उंच नसतात. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा तर कॅमेरा जमिनीलगत हवा, आणि स्टँड तेवढा खाली नेण्यासाठी पाय पसरले की ते तीन पाय तीन ठिकाणी फुलं चिरडतात. कातळावर बोटभर मातीचा थर आणि त्यात हे सगळं जग. तिथे मी वाटेच्या कडेला पालथा पडतो आणि तांदूळ भरलेल्या कापडी पिशवीवर लेन्स टेकवतो. फोटो एखाददुसरा हुकतो, हुकू दे. अजिंठ्यासारख्या संरक्षित स्मारकात तर स्टँड लावायला पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, आणि चित्रांपुढे फ्लॅश चालतच नाही. ते योग्यच आहे. अरुंद लेण्यात दहा जणांनी तीन-तीन पाय पसरले तर बाकीच्यांनी बघायचं कुठून? आताच्या कॅमेऱ्यांत हाताचा कंप सावरणारी यंत्रणा असते, कोपरं बरगड्यांना टेकवून, श्वास अर्धा सोडून काम निभतं. (ही यंत्रणा स्टँडवर असताना बहुतेक वेळा बंद करावी, नाहीतर नसलेला कंप सावरायला जाऊन तीच चित्र हलवते.)

मग हात एवढा स्थिर झाला, तर स्टँड हवाच कशाला? हे मला अलीकडे बरेच जण विचारतात. माझं उत्तर सड्यावर आहे.

रत्नागिरी, राजापूर, लांजा या पट्ट्यात जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे अशी कोकणातली काही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदली गेली. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी कोरलेले. एवढं मोठं चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यांतून चित्र म्हणून दिसतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. ड्रोन आता आले. त्याआधी मी माणग्याची चौदा फुटी काठी वापरली. माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो. टोकाला गावातल्या लेथवाल्याकडून तीन अष्टमांश इंची बोल्ट बसवून घेतला, त्यावर लहान हेड आणि कॅमेरा. काठी वाऱ्यावर झुलायची, पण भर उजेडात सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो निघतो, तिथे झुलण्याने बिघडत नाही.

पण भर उजेडात ही शिल्पं मेलेली दिसतात. रेषा बोटभर, कुठे दोन बोटं खोल. सूर्य वर आला की चर आणि कातळ एकाच रंगाचे. जीव येतो तो सूर्य क्षितिजाला चिकटलेला असताना, जेव्हा तिरका उजेड चराच्या एका काठावर पडतो आणि दुसरा काठ काळा राहतो. हा खेळ वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि प्रत्येक मिनिटाला वेगळी रेष जागी होते. ती सगळी एका चित्रात जुळवायची तर कॅमेरा केसभरही सरकून चालत नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये मटारच्या दाण्यातून रोप उगवताना चित्रित केलं, महिनाभराहून जास्त काळ थोडं थोडं. त्यांच्यापुढे रोप बदलत होतं आणि बघण्याची जागा एकच होती. माझ्यापुढे उजेड बदलतो. हे काम हाताला जमणारं नाही, हात कितीही स्थिर असो.

मागच्या माघात मी पहाटे साडेपाचला सड्यावर होतो, कॅमेरा पडला होता त्याच सड्यावर. कपाळाला बॅटरी लावून आधी जागा चाचपली. बुटाची टाच आपटून बघितली, भोकातली खडी बोटांनी उपसून काढली, खाली अखंड कातळ लागला तेव्हा पहिला पाय ठेवला. रबरी बूट, खिळे आत. शिल्पाच्या रेषेपासून हातभर लांब, कारण चराच्या काठावर भार द्यायचा नाही. एक पाय लेन्सच्या खाली समोर, दोन माझ्याकडे. मधला दांडा खाली. वारा समुद्राकडून येत होता, म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा सोडून खिशात टाकला. तो पट्टा शिडासारखा वारा धरतो आणि स्टँडचं सगळं केलेलं घालवतो. पिशवी स्टँडच्या आकड्याला लटकवली, पण लोंबती नाही, तिचं बूड कातळाला टेकेल अशी. लोंबती पिशवी झोपाळा होते.

मग हात लावायचा नाही. तारेचं बटण हातात घेऊन मी तीन पावलं मागे उभा राहिलो. पूर्वेला उजळलं. आधी कोरलेल्या माशाची पाठ उठली, मग शेजारच्या आकृतीचा एक पाय, मग इतका वेळ मला न दिसलेली एक गोल रेष, जिचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मी थोड्या थोड्या वेळाने बटण दाबत होतो. चौसष्ट फोटो झाले तेव्हा सगळं पुन्हा सपाट, तांबूस, गप्प झालं होतं.

कॅमेरा उतरवण्याआधी मी पायांची लांबी मोजून वहीत लिहिली, आणि प्रत्येक पायाशेजारी एक लहान खडा ठेवून मोबाइलवर फोटो काढला, पुढच्या माघात हीच जागा सापडावी म्हणून. कातळावर खडूची रेघसुद्धा मी ओढत नाही. फोटो झाल्यावर तिन्ही खडे उचलले, जिथून घेतले होते तिथे गवतात टाकले, आणि स्टँड मिटून खांद्याला लावला.